सीतादहीतलं नासकं दूध

हिवाळा आला की आमच्या घरी सुना एक पदार्थ हमखास करतात. दूध तापवून त्यात लिंबू पिळायचं, फुटलं की फडक्यात बांधून पाणी काढायचं. त्या मऊ गोळ्यात जांबाच्या, म्हणजे पेरूच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, मीठ आणि कुटलेलं जिरं घालून हलक्या हाताने कालवायचं. चूल फार वेळ अडत नाही, पोट जड होत नाही. पाहुणे वाटी पुसून खातात आणि सुना कौतुकाने सांगतात, हे आमच्या सासूबाईंनी काढलं. मी तेवढ्यात काहीतरी काम काढून उठते. म्हातारपणी नातीकडून अक्षरं शिकले ती देवाचं नाव लिहायला, पण आधी हे लिहून टाकते.

मी अमरावतीची लेक, अकोल्याच्या अलीकडे चार कोसांवर दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं पुरुष ओसरीवर बोलत. मला एवढंच कळत होतं, की बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि माझ्या हातात चांदीचे गोठ आले. खोटं कशाला सांगू, त्या गोठांनी माझं डोकं फिरवलं होतं. अंगण झाडतानासुद्धा ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत असा मी हात धरायची.

आमच्याकडे सीतादही केल्याशिवाय कापसाची वेचणी सुरू होत नाही. शेतात सात खडे मांडून पुजायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तो पिकावर शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. आमच्या शेतात हा मान बुढीमायचा. वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी. नवरा नाही, मूल नाही, पण तिच्या हाताला यश आहे असं सगळं गाव मानायचं, आणि चार शेतांत पहिलं बोंड तिच्याकडूनच वेचून घेत. तेवढीच तिची मिळकत होती म्हणा ना.

सासूबाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, ‘‘सूनबाई, विरजण लावजो वं, भुलशीन!’’ मी भुललेच. दिवे लागेपर्यंत विहिरीवर बायांना गोठ दाखवत बसले होते. सकाळी पाहते तर मडक्यात दूध जसंच्या तसं. ओसरीवर कापूस घ्यायला आलेला दलाल घाई करत होता, गाड्या जुंपलेल्या होत्या, सासूबाई पुढे शेतात गेल्या होत्या. शेजारी दही मागावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार. मी दूध चुलीवर चढवलं आणि लिंबू पिळलं.

नासलेलं दूध नैवेद्याला चालत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी ते कुस्करून भातात कालवलं. उरलेलं बायांच्या न्याहारीसाठी. ते ओळखू येऊ नये म्हणून घरात दिसेल ते त्यात घातलं, जांब, डाळिंब, आदल्या दिवशी भाजीला खुडून आणलेले हरभऱ्याचे शेंडे. गाळलेल्या हिरवट पाण्याचं मडकं गोवऱ्यांमागे सरकवत होते, तेवढ्यात नैवेद्याची टोपली न्यायला बुढीमाय दारात आली.

‘‘सूनबाई, दूध नासवलं काहून वं?’’

‘‘विरजण लावाले इसरली. कोनाले सांगू नोका, पाया पडते तुमच्या.’’

तिने टोपली उचलली. ‘‘मी नाई सांगत. पन तू सांगजो सासूले. दोन शब्द बोलन, अन् काय?’’

मी मान डोलावली. शेतात गेल्यावर मात्र सासूबाईंचा हसरा चेहरा पाहिला आणि सांगायचं सोडून मी खडे मांडायला लागले. नैवेद्य झाला, बुढीमायने पहिलं बोंड वेचलं. न्याहारीला बायांनी माझ्या त्या कालवणाची एवढी तारीफ केली, की सासूबाईंनीही दुसऱ्यांदा घेतलं. मी फुलून गेले. भीती गेली ती गेलीच, वर शहाणपणाचा तोरा चढला.

पाचव्या दिवशी अवेळी पाऊस आला. फुटलेला कापूस चिखलात लोळलेल्या मेंढरासारखा दिसायला लागला. घरात सुतक पडावं तशी शांतता होती, आणि नेमक्या त्याच दिवशी गोवऱ्या काढताना सासूबाईंना ते मडकं सापडलं. वास घेताच त्यांना कळलं, नैवेद्याला नासकं दूध गेलं आणि म्हणूनच पाऊस कोपला. बुढीमाय अंगणात भिजलेला कापूस पसरवत होती. सासूबाईंनी मला हाक मारली.

‘‘तुनं विरजण लावलं होतं ना?’’

मी म्हणाले, ‘‘हो.’’

तो एवढासा शब्द. त्यानंतर दोष जायला एकच जागा उरली होती.

‘‘मंग त्या सकाळी घरात तूच आली होती, टोपली तं तुनंच उचलली होती, बुढे. काय हात लावला नैवेद्याले?’’

बुढीमायने माझ्याकडे पाहिलं. मी पदराशी चाळा करत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला तिची दया आली नाही, ती आता बोलेल याचीच धास्ती वाटली. ‘‘माह्याच हातानं बिघडलं असन,’’ एवढंच ती म्हणाली आणि कापूस तसाच टाकून निघून गेली.

आठ दिवसांत ही गोष्ट बाकीच्या तिन्ही शेतांत पोचली. पुढच्या वर्षी तिला कोणी पहिल्या वेचणीला बोलावलं नाही. आमच्या शेतात सासूबाईंनी पहिलं बोंड माझ्याकडून वेचून घेतलं. पीक भरघोस आलं आणि त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, ‘‘सुनेच्या हाताले यश हाय आमच्या.’’

त्याच पौषात मी दूरच्या एका शेतावर निरोप घेऊन गेले होते. बाया बाभळीखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. सगळ्यांच्या कडेला बुढीमाय होती. मी परत फिरणार होते, पण तिनेच हाक मारून बसवलं. तिच्या पानावर शेळीच्या फुटलेल्या दुधाचा गोळा होता, त्यात बोरांच्या फोडी आणि हरभऱ्याचे शेंडे. ती सगळ्यांना थोडं थोडं वाटत होती. मलाही दिलं.

‘‘लयच मस्त लागते,’’ एक बाई म्हणाली. ‘‘हे कोनं शिकवलं वं बुढे?’’

आता बोलायचं होतं. तिथे सासूबाई नव्हत्या, दलाल नव्हता, सात-आठ बाया होत्या आणि त्यांच्यासमोर एक वाक्य म्हणायचं होतं.

‘‘एक डाव माह्या हातून दूध नासलं होतं,’’ बुढीमाय म्हणाली, ‘‘तवा सुचलं.’’ मग माझ्याकडे वळली. ‘‘घे वं सूनबाई, अजून घे. तुले आवडते.’’

मी हात पुढे केला. गोठ वाजले. तिने घातलं तेवढं मी सगळं खाल्लं आणि निरोप सांगून घरी आले.