शेवटचं कडवं कापलं

नागपूरच्या एका म्युझिक कंपनीच्या प्रोड्यूसरने बोरगावच्या सुभद्राबाईंना फसवलं. पांढुर्ण्यात, माझ्या स्टुडिओत, माझ्यासमोर शब्द दिला आणि मोडला. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी ‘गैरसमज झाला असेल’ म्हणायला नको.

सुभद्राबाई शेतमजुरी करतात आणि भीमगीतं गातात. गाणी त्यांच्या नवऱ्याने, देवाजींनी रचलेली. देवाजी आता नाहीत. आमच्याकडे गाणं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं, कागदावर कुठेच नसतं. ते कडवं ऐकलं की कळतं, गाणं कोणाचं.

प्रोड्यूसरला त्यातलं एक गाणं हिप हॉपमध्ये मिसळायचं होतं. बाईंचा आवाज, खाली जड बीट, मधे सौंसरच्या एका रॅपरचा रॅप. कल्पना चांगली होती. अडलं टेम्पोवर, म्हणजे गाण्याच्या वेगावर. रॅपचा बीट कॉम्प्युटरवर एकाच वेगाने चालतो. भीमगीतात ढोलकी कडव्यागणिक चढते, शेवटी तर पळते. बाईंना हेडफोन लावून कॉम्प्युटरची टकटक ऐकवली. पहिल्याच कडव्यात त्या तिला मागे टाकून पुढे गेल्या.

“बाई, मशीनच्या संगं चाला ना,” प्रोड्यूसर म्हणाला.

“मशीनले म्हणा माह्या संगं चाल. मी काय बैल हाव जुपाले?”

मी हसलो. तो हसला नाही.

“लास्टवाला कडवा छोड देते हैं,” तो मला म्हणाला. “सगळ्यात फास्ट तोच आहे. मिस्टरांचं नाव व्हिडिओखाली डिस्क्रिप्शनमध्ये लिहू.”

“मले वाचता येत नाही बाबू,” बाई म्हणाल्या. “वस्तीतल्या माह्या जोडीच्या बायाइलेही येत नाही. नाव आयकू आलं पाह्यजे. नाही तं मी गात नाही.”

लग्नांत भोंगे भाड्याने देत देत मी स्टुडिओपर्यंत आलोय. सौदा मला कळतो. मी म्हटलं, “साहेब, शेवटचं कडवं राहीन तर रेकॉर्डिंग. नाही तर गाडी तुमची बाहेर उभीच आहे.”

“चलो, पक्का.” त्याने बाईंच्या हातात हात दिला.

मग मी काम उलटं केलं. टकटक बंद. बाई आणि ढोलकी मोकळी रेकॉर्ड केली आणि बीट तुकड्या-तुकड्याने वाकवून त्यांच्या मागे चालवला. ‘सांगे देवाजी बोरगावचा, लेकी वही-पेन धर हाती’ इथे ढोलकी आणि बीट एकत्र पळाले, तेव्हा रॅपर खुर्चीतून उठला. रिवाजाप्रमाणे मी आवाज, ढोलकी, बीट असे सगळे ट्रॅक वेगवेगळे करून कंपनीला पाठवले; शेवटची जुळणी तिथेच होते.

गाणं नेटवर आलं त्या दिवशी बाईंनी वस्तीला विहारात बोलावलं. स्पीकर मी लावला. प्रत्येक कडव्याला बाई शेजारणीला सांगून राहिल्या होत्या, “थांब, आता येते नाव.” आला रॅप. मग पहिल्याच ओळीचा एक तुकडा, पुन्हा पुन्हा. आणि गाणं संपलं.

“झालं?” बाईंनी मला विचारलं.

मागून एक नवी सून बोलली, “चांगलं हाय. पण कोणाचं गाणं होतं वं हे?”

बाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मी तिथूनच फोन लावला. “भाऊ, डान्समध्ये बसत नव्हतं,” प्रोड्यूसर म्हणाला. “नाव लिहिलं आहे ना खाली?” त्यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. त्याने फोन कापला, तेव्हापासून उचलत नाही.

पूर्ण गाणं पुन्हा करून देतो म्हणून मी बोरगावला दोनदा गेलो. बाई चहा देतात. गात नाहीत.

माझ्यापुरता धडा एवढाच, की आता मी आवाज आणि बीट वेगळे करून कोणालाच देत नाही. गिऱ्हाइकं तुटली, तुटू द्या.

पण प्रोड्यूसर साहेब, तुम्ही एकदा बोरगावला या. ज्या बाईच्या हातात हात दिला, तिला न विचारता तिच्या माणसाचं नाव कोणाच्या हुकमाने कापलं, ते तिच्यासमोर बसून सांगा. हुकूम वरच्या साहेबाचा असेल तर त्यालाही सोबत आणा.