चार टॅगवरचा डेमो

दुपारी शिफ्ट बदलताना फोर्कलिफ्टचं चाक पॅकिंगमधल्या एका बाईच्या पायावरून गेलं. बोटं मोडली बिचारीची. संध्याकाळच्या आत आमच्या मॅनेजरसाहेबांनी निकालही लावून टाकला: ऑपरेटरने गाडी बेफाम चालवली, काढा त्याला. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी.

ऑपरेटर शहाद्याकडचा. जवळच रांध्याला खोली घेऊन बायकोमुलांसोबत राहतो. खडोलीच्या आमच्या कारखान्यात उपकरणांचं काम माझ्याकडे, म्हणून माझ्याकडे आला. "ताई, लाल लाइट लागलाच नाही ना. लागला असता तर मी गाडी पुढे नेली असती का?"

त्याचं खरं होतं, आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

आमच्याकडे प्रत्येक कामगाराच्या गळ्यात अल्ट्रावाइडबँडचा टॅग. तो रेडिओचे बारीक बारीक ठोके सोडतो, त्यावरून अंतर कळतं, आणि माणूस जवळ आला की गाडीत लाल दिवा लागतो. दिवा आला म्हणून साहेबांनी गाड्यांचे भोंगे काढून टाकले, कारखाना बघायला येणाऱ्या पाहुण्यांना गोंगाट नको म्हणे! पण सगळे टॅग बोलतात एकाच हवेत. चार असले तर ठोके एकमेकांवर क्वचितच आदळतात. शेकड्यांनी असले की कुणाचा ठोका कुठला, मशीनला पत्ता लागत नाही. भाजीबाजारात सगळ्याच भाजीवाल्या एकदम ओरडल्या तर मेथी कुठाय ते कळतं का? आणि डेमो कधी झाला? सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या शेडमध्ये, चार टॅगवर! शिफ्ट बदलताना बघा, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. टॅग विकणारा हसला, "मॅडम, तमे बहु टेन्शन लो छो." साहेबही हसले.

त्यात टॅग चोरीला जाऊ नयेत म्हणून ते टांगायची फळी साहेबांनी सिक्युरिटीच्या डोळ्यांसमोर, गाडीच्या रस्त्यालाच ठोकून घेतली. टॅग काही बंद होत नाहीत. घरी निघालेल्यांचे टॅग फळीवर कोकलतात, आलेल्यांचे गळ्यात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे दिसणार कसं?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "डेमोत चाललं होतं," हेच त्यांचं पालुपद. म्हटलं, "मग चला. टॅग घाला आणि ती बाई उभी होती तिथे उभे राहा." मीटिंगला बसलेल्या सगळ्या स्टाफसमोर मी बोलले, त्यामुळे नाही म्हणता येईना.

शिफ्ट बदलत होती. फळी भरत आली होती. दुसऱ्या ऑपरेटरला मी गाडी अगदी सावकाश आणायला सांगितलं, आणि स्वतः गाडीच्या पायरीवर चढून दिव्याकडे बघत राहिले. गाडी जवळ आली, आणखी जवळ आली. दिवा मेलेलाच. मी "थांबव!" म्हणायच्या आत साहेब खोक्यांच्या थप्पीवर चढले होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही.

"आता तरी त्याला कामावर घ्या," मी म्हटलं. साहेब घाम पुसत आत निघून गेले.

त्याला घेतलं नाही. संध्याकाळी सूचना लागली: शिफ्ट बदलताना अधिकाऱ्यांनी फोर्कलिफ्टच्या रस्त्यावर जाऊ नये.

मी तडक आत गेले. "आणि कामगार?"

साहेबांनी मान वर केली नाही. "त्यांच्या गळ्यात टॅग आहेत ना!"