नववी कडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. माडीच्या फळ्यांखालची नववी कडी, लाकडी तुळई, आतून पोकळ आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तिच्यावर फळ्या ठोकल्या.

धुळ्याजवळच्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा खालचं घर थोरल्या भावाला आलं, माडी मला. मधल्या कड्या कुणाच्या, हे लिहायचं राहून गेलं. त्याचं छत तीच माझी जमीन. दुरुस्त कुणी करायच्या यावरून दोघंही हट्टाला पेटलो आणि कड्या उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ल्या. शेवटी सुतार न लावता मीच बदलायला घेतल्या. दर रविवारी पिंप्राळ्याहून, नोकरीच्या गावाहून, यायचो.

भाऊ खाली खाटेवर बसून बघायचा. "साहेब, हाफिसमा सुतारकी बी शिकाडतस का?"

मी मुद्दाम शहरी मराठीत म्हणायचो, "तुम्ही वर बघू नका, डोळ्यात भुसा जाईल."

कडी काढायची तर खालून फळ्यांना टेकू द्यावा लागतो. आठ टेकू त्यानं कुरकुरत लावू दिले. नवव्या टेकूच्या जागी त्याची धान्याची कोठी होती.

"कोठी हालावानी नही. तुनी माडी, तू दखी ले."

मी नवव्या कडीवर हातोडी मारली. भद्द आवाज आला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. हे सांगितलं असतं तर त्यानं कोठी हलवली असती. पण सांगणं म्हणजे विनवणं. मी भोकात भुसा आणि सरस भरला, वरून जळकं ऑईल फासलं. कडी नव्यासारखी दिसू लागली आणि मी तिच्यावर फळ्या ठोकल्या.

वैशाखात वावटळ उठली. माझी खिडकी आपटत होती म्हणून भाऊ वर गेला. तो परत येताना नवव्या कडीवरची फळी खचली. मांडीपर्यंत पाय खाली गेला, खुबा मोडला.

दवाखान्यात त्याच्या सासरची माणसं बसली होती. त्यांच्यादेखत मी विचारलं, "माझ्या माडीवर काय शोधत होतात?"

"तुनी खिडकी आपटी राहिंती," तो म्हणाला.

मी हसलो. मग तेही हसले. वहिनी तेवढी हसली नाही.

संध्याकाळी माडीवर जाऊन पाहिलं. खिडकी बंद होती, आतून बोल्ट लावलेला; तो भावानंच लावला होता. खाली आलो आणि गप्प बसलो. दवाखान्यातलं माझं बोलणं गावभर झालं, आणि तेव्हापासून पारावरची माणसं त्याला विचारतात, "का भाऊ, काय सापडनं का माडीवर?" आता तो पारावर जात नाही. काठी टेकत अंगणातच फिरतो. मी आलो की पाठ फिरवतो, आणि मला ते बरं वाटतं. पाठीला काही सांगावं लागत नाही.

कडी पोकळ असल्याचं मला माहीत होतं, हे भावाला सांगायचं आहे. तो खिडकी लावायलाच गेला होता, हे पारावर चारचौघांत सांगायचं आहे. ही दोन्ही देणी माझ्याकडे बाकी आहेत.