शैला विचारायची, मोरोपंत भाव ठरवायचे

अकोल्यात मोठ्या दवाखान्यामागे मोरोपंतांचं घर होतं. कोर्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढची खोली रात्रीच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. रोग्याची माणसं खेड्यांतून येत, चार-आठ रात्री राहत. भाव ठरलेला नव्हता. कधी बारा आणे, कधी दोन रुपये.

मुलगी शैला सव्वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, लग्न न जमलेली. पाहुण्यांना पाणी नेऊन द्यायची, आपुलकीनं विचारायची, "आज कसं आहे?" रात्री जेवताना वडील सहज विचारत, "काय म्हणतात ते?" ती सांगे.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात पातूरकडची तानुबाई आली. नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. "टाके ओले आहेत, डॉक्टर अजून दहा दिवस म्हणतात," असं शैलानं सांगितलं आणि सकाळी सव्वा रुपयाचे दोन झाले.

"काल तर सव्वा होता, बाबा."

"काल ठाऊक नव्हतं. आता ती दहा दिवस कुठं जाते?"

शैलाच्या हातातली पळी तशीच राहिली. इतकी वर्षं आपण काय करत होतो, ते तिला तेव्हा कळलं.

त्या रात्री ती खोटं बोलली. "बरं वाटतंय त्याला. शुक्रवारी घरी सोडणार." आता ती अडलेली नाही असं वाटून मोरोपंतांनी भाव पुन्हा सव्वावर आणला. तिला आनंद झाला.

पण मोरोपंतांनी शुक्रवारपासूनची खोली अंजनगावच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकली, विसारही घेतला. शुक्रवारी नवऱ्याला ताप चढला होता, आणि तानुबाईचं गाठोडं ओसरीवर आलं.

"बाबा, खोटं मी बोलले. तिला काढू नका."

"मग दे व्यापाऱ्याला विसार परत. आहेत पाच रुपये?"

तिच्याजवळ नव्हते. तानुबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन राहिली. रविवारी नवरा गेला.

शैला तिथं गेली, सगळं कबूल केलं. तानुबाईनं पदर तोंडाशी धरून ऐकलं.

"म्हंजे तुमी त्याईची तब्येत इचारे, ते भाड्यासाठी?"

"बाबांसाठी होतं ते. मला माहीत नव्हतं. शेवटी तर तुमच्यासाठीच खोटं बोलले."

"मले कसं समजाव बाई, कोनतं कोनासाठी?" तानुबाई म्हणाली. "मले वाटे, या शहरात कोनीतरी इचारते. जा तुमी आता."

पुढच्या जूनमध्ये शैलानं अंजनगावच्या शाळेत नोकरी धरली. जाताना मोरोपंत म्हणाले, "एका भाडेकरणीसाठी बापाला सोडतेस?" तिनं ट्रंक उचलली. दिवाळीलाही ती आली नाही.

खोली चालूच राहिली. पाण्याचा तांब्या आता मोरोपंत स्वतः घेऊन जात, आणि दारात उभे राहून हळू आवाजात रोग्याची चौकशी करत. बायका त्यांना देवमाणूस म्हणत.