पाळीची किल्ली

पेटंटची सुनावणी व्हिडिओवर होती. आमचं ऑफिस बोळिंजला दोन खोल्यांत, पण त्या दिवशी अश्लेषा चुरी वटारच्या घरी पडवीत बसली होती. शेजारी मी, कागद सांभाळत.

एका विहिरीवर पाच बागा. प्रत्येक बागेत आमचा एक डबा, तो पाण्याची पाळी आली की पंपाला सांकेतिक हुकूम देतो. त्या हुकमांची गुप्त किल्ली डब्याडब्यांत कशी वाटायची, हा अश्लेषाचा शोध. तीन वर्षांचं काम होतं, आणि आजची संधी शेवटची.

तपासणी अधिकारी म्हणाले, "मॅडम, किल्ली वाटणं जुनं. एका यंत्राने दुसऱ्याला निरोप देणंही जुनं. दोन्हींचे जुने कागद माझ्यासमोर आहेत; ते जोडणं कुठल्याही जाणकाराला सहज सुचेल. शिवाय तुम्हीच अर्जात लिहिलंय, 'आमच्या विहिरीवर पाळी संपली की पंपघराची किल्ली पुढच्याच्या हाती देतात. पिढ्यानपिढ्या असंच चालतं.'"

मी कपाळाला हात लावला. आमच्या पेटंट एजंटने, जितेंद्र सरांनी, हे वाक्य गाळायला सांगितलं होतं. "विहीर आजोबांनी खणलीय, ती राहणार," म्हणून हिने ठेवलं.

सरांचा मेसेज आला : माघार घेऊ, हक्काची मागणी छोटी करू.

तिने फोन पालथा ठेवला.

"सर, विहिरीवरची पद्धत फसली होती. आमच्या शत्रुघ्नकाकांनी डुप्लिकेट किल्ली करून घेतली. दोन वर्षं आमचं पाणी त्यांच्या केळींना गेलं."

आत चहा पिणारे काका तिथूनच ओरडले, "अगं, सरकारी माणसाला कशाला सांगतेस!"

अधिकारी हसले. ती हसली नाही.

"म्हणून माझ्याकडे घेणारा डबा पंपाशी मिळून नवीच किल्ली घडवतो. जुनी कुणी लपवली तरी तिने काही उघडत नाही. हे तुमच्या कुठल्या कागदात आहे? दुसऱ्यात तर लिहिलंय, किल्ली शेतातल्या यंत्रावर सोडू नका. 'नका' वाचून जाणकाराला 'करा' सुचतं? माझा अर्ज वाचल्यावर सोपं वाटणारच, सर. अर्जाच्या आदल्या दिवशी कुणाला सुचलं होतं, ते दाखवा."

अधिकाऱ्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग लेखी उत्तर पंधरा दिवसांत मागितलं गेलं.

जितेंद्र सरांचा लगेच फोन. "निदान उत्तरात तरी विहीर नको."

"विहीर येणार. काकाही येणार. मागणीतला एक शब्द कमी होणार नाही."

काका बाहेर आले. लॅपटॉपशेजारी एक गंजलेली किल्ली ठेवली.

"घे. फोटो काढ. लागली तर सहीपण करतो."