नऊ पेट्यांची अमानत

आमच्या नफूसा डोंगरात कुणी हजला निघालं, कुणी शहरात औषधपाण्याला निघालं, की घराची किल्ली आणि बायकोचे दागिने हनिय्याकडे यायचे. ती माझी शेजारीण. चाळीस वर्षं मी तिच्याशी भांडत आलेय, तेव्हा कौतुक करायची मला काही हौस नाही. पण एकदा एकाने तिच्याकडे सहा महिन्यांसाठी शेळी ठेवली, तर हिने शेळी परत केली, मधे झालेली दोन करडं परत केली आणि वर दुधाच्या तुपाचा डबा दिला. "अगं, चारा तुझा, राबलीस तू!" मी ओरडले. "शेळी त्याची ना? मग तिचं जे झालं ते त्याचं," म्हणाली. आता अशा बाईपुढे काय कपाळ फोडायचं!

लढाईच्या साली वरच्या आळीतला मीलूद किनाऱ्याकडे लढायला निघाला. जाताना ट्रकमधून नऊ लाकडी पेट्या उतरवून त्याने हनिय्याच्या जमिनीखालच्या घाण्याच्या खोलीत रचल्या. सगळी काडतुसं. "ताई, अमानत आहे. मी येईन नाहीतर माझा अय्याद येईल," एवढंच बोलला. वीस दिवसांत त्याचं प्रेत आलं. अय्याद तेव्हा दहा वर्षांचा, त्याचा धाकटा भाऊ तर सहाच.

पेट्या राहिल्या. हनिय्या रोज सकाळी जैतुनाचं तेल काढायला खाली उतरायची, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायची. उन्हाळ्यात खोली तापली की मला घाम फुटायचा, कारण तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. "विहिरीत टाक," मी म्हणायचे. "पाणी अख्ख्या आळीचं आहे," ती म्हणायची. "मग पुर की कुठेतरी!" "परक्याची वस्तू?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. दोन वर्षांपूर्वी शहरातून माणसं आली होती. जुना दारूगोळा द्या, आम्ही दूर वाळवंटात नेऊन नष्ट करतो, नावसुद्धा विचारणार नाही, म्हणाली. गावातल्या किती घरांनी दिला. ही दारात उभी राहून म्हणाली, "माझ्याकडे माझं असं काही नाही." खोटंही नव्हतं ते! मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. इमामांनाही विचारून झालं. ते म्हणाले, वारस सज्ञान झाला की त्याची वस्तू त्याच्या हातात.

आणि वारस सज्ञान होत होता. त्याच सुमाराला खालच्या गावाशी रस्त्यावरून आमच्या लोकांचं बिनसलं. आधी दगड, मग एकाची गाडी जाळली, मग बंदुका बाहेर आल्या. खालच्या गावात हनिय्याची एकुलती एक मुलगी नफीसा दिलेली. तिला दोन मुलगे. अय्याद चौकात सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबांच्या पेट्या आणल्या की बघतोच एकेकाला."

त्या दिवशी हनिय्या माझ्याकडे येऊन बसली. बाझीन पुढ्यात वाढलं, तर पिठाच्या गोळ्यात बोटं रुतवून नुसती बसून राहिली. "माझ्याच घरातल्या गोळ्या माझ्याच नातवांना लागणार गं," म्हणाली, आणि रडायला लागली. हनिय्याला मी नवरा गेला तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा जीव तुटला. आणि माझ्या जळ्ळ्या तोंडातून निघून गेलं, "देऊन टाक की. पण आधी तेलात भिजव. तेल मुरलं की दारू मरते, असं माझा भाऊ सांगायचा."

ती कल्पना माझी होती. हे मी कुणावर ढकलणार नाही.

तीन आठवडे आम्ही दोघी दुपारच्या खाली उतरत होतो. पेट्यांतले पत्र्याचे डबे उघडायचे, काडतुसं तेलाच्या रांजणात सोडायची, आधीची काढून फडक्याने कोरडी करायची, कागदात पुन्हा तशीच रचायची. घरचं नवं तेल; असलं तेल मुलीच्या बाळंतपणातही तिने काटकसरीने वापरलेलं. तिने हात आखडला नाही. शेवटचं झाकण ठोकताना म्हणाली, "एकही कमी नाही. अमानत पुरी आहे." मी म्हटलं, "पुरी आहे." आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

अय्याद आला तो गुरुवारी सकाळी. वाकून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. तिने फेसाचा चहा दिला, वर शेंगदाणे घातले. "कशाला हव्यात रे तुला?" तिने विचारलं.

"माझ्या आहेत म्हणून, मावशी." हसला. "बाबा म्हणायचे, हनिय्याकडे ठेवलेल्या मोहरीचा दाणासुद्धा हलत नाही."

तिने तोंड उघडलं. मी शेजारी बसले होते. तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तिचं तोंड मिटलं. पेट्या गाडीत चढल्या. पोरगं जाताना मलाही सलाम करून गेलं.

शनिवारी रस्त्यावर गोळीबार झाला. अय्यादची बंदूक दगडाआडून दोनदा वाजली, मग तो उठला, आणि तिसऱ्यांदा नुसता खट्ट आवाज झाला. तो तिथेच उभा राहून खटका ओढत असताना त्याला गोळी लागली, असं त्याच्या मित्रांनी सांगितलं. पहिल्या दोन गोळ्या वाजल्या म्हणून तो उठला होता. खालच्या गावात कुणाला खरचटलंही नाही. नफीसाचा फोन आला, "आई, आम्ही सगळे सुखरूप." हनिय्याने फोन खाली ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकली.

त्याला जाऊन चाळीस दिवस झाल्यावर अय्यादची आई गझाला आली. बरोबर धाकटा, चौदा वर्षांचा, दाराबाहेर उभा. गझालाच्या काखेत गाठोडं. "मी माहेरी चाललेय. अय्यादचे कपडे आहेत. बघवतही नाहीत, टाकवतही नाहीत. या डोंगरात तुझ्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवू?"

मी डोळ्यांनी हनिय्याला विनवलं. घे गं बाई, घे आणि गप्प बस. तिने दोन्ही हातांनी गाठोडं परत सरकवलं. "माझ्याकडे नको ठेवूस. गोळ्या मी तेलात भिजवल्या होत्या. नफीसाच्या पोरांसाठी." माझं नाव तिने घेतलं नाही. आणि मी, चाळीस वर्षं तोंडाचा पट्टा चालवणारी, तेव्हा ओ की ठो बोलले नाही.

गझाला ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं. गाठोडं उचलून ती दारापर्यंत गेली आणि धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून वळली.

"तुझ्या नफीसाचा थोरला आता किती वर्षांचा गं?"

हनिय्याला खोटं बोलता आलं असतं. "दहा," ती म्हणाली.

"दहा," गझाला म्हणाली, धाकट्याला ऐकू जाईल असं. मग दोघं उतारावरून खाली गेली.