मूठभर ढेप

भिकनआबांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. त्यांच्या दुकानात एकदा पाय ठेवलेला माणूस पुढे जनावरावरूनच ओळखला जाई. बँकेतले साहेब म्हणजे 'कासववाला', मागच्या गल्लीतल्या शिक्षिका म्हणजे 'लव्हबर्डवाली बाई'. एका वकिलांना तर त्यांनी भर रस्त्यात "ओ ससावाले साहेब!" अशी हाक मारलेली मी स्वतः ऐकली आहे. जळगावात माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. मी कधी काही पाळलं नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे मोठी पंचाईत होती. "तुन्हाकडे जनावरच नही भो, तुले वळखू कसा?" असं ते म्हणायचे. शेवटी त्यांनी मला 'यंत्रवाला' करून टाकलं आणि तो प्रश्न निकालात काढला.

आबा मूळचे एरंडोलजवळच्या एका खेड्यातले. शेती भावाकडे सोपवून शहरात आले आणि माशांच्या पेट्यांपासून सुरुवात करून ससे, पाखरं असं वाढवत गेले. अंगाने काटकुळे, डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की माझ्या यंत्राची घरघरसुद्धा त्यात बुडून जाई. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकाच वाक्याने सुरू व्हायचं, "त्यामा काय शे!", म्हणजे त्यात काय एवढं! पाखरू पिसं उपटतंय? "त्यामा काय शे! निंबनी फांदी बांध." मासा उलटा पोहतोय? "त्यामा काय शे! पानी बदल." 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. मी भिंतीपलीकडे बसून ऐकायचो आणि चरफडायचो. कारण निम्मी उत्तरं ते तिथल्या तिथे तयार करायचे, आणि हे मला त्यांच्या आवाजावरून कळायचं. खात्री जितकी कमी, तितका आवाज मोठा.

गिनिपिग त्यांनी पहिल्यांदा आणले तेव्हा मी विचारलं, "आबा, हे काय नवीन?"

"विलायती उंदीर. त्यामा काय शे!"

माशांच्या एका गळक्या पेटीत लाकडाचा भुसा पसरून त्यांनी त्या सगळ्यांना एकत्र ठेवलं होतं. वाटीत पाखरांची बाजरी. पाणी कुठे दिसेना. विचारलं तर म्हणाले, "याले पानी लागत नही. पालामाईन भेटस." मार्चच्या उन्हात, जळगावात, चहूबाजूंनी काच असलेल्या पेटीत पाणी लागत नाही! माझं डोकं फिरलं. आम्ही एवढे भांडलो की झेरॉक्स काढायला आलेली मुलं बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पेटीत पाण्याची वाटी दिसली. "तुन्हासाठे ठेवेल शे, त्यासनासाठे नही," आबा म्हणाले.

एवढं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस बेफिकीर होता. तसं नव्हतं, आणि सगळी गोची तिथेच होती. गावाहून भावाकडून ते सरकीची ढेप मागवायचे. सरकीचं तेल काढल्यावर घाण्यात उरणारा तो चोथा. आमच्या खानदेशात जनावरावर माया करायची म्हणजे त्याला ढेप घालायची. गाभण म्हशीपुढे ढेपेचं टोपलं ठेवलं नाही तर शेजारीपाजारी नावं ठेवतात. आबा रोज सकाळी ढेप भिजवायचे, बोटांनी कुस्करून गाठी मोडायचे आणि गिनिपिगांना भरवायचे. नेणाऱ्या प्रत्येकाला ढेपेची एक पिशवी आपल्याकडून द्यायचे आणि बजावायचे, "रोज मूठभर. खाडा करू नको." पाण्यावरून भांडलेल्या मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. ढेपेवर आमच्याकडे कोणी शंका घेत नाही.

पुढे त्यांच्याकडची एक ठिपक्यांची मादी गाभण राहिली. आबांना कोण आनंद! "दोन जीवनी शे," म्हणत त्यांनी तिची ढेप वाढवली. पोट पेटीच्या तळाला टेकेपर्यंत वाढलं, आणि मग मे महिन्यातल्या एका सकाळी ती कोपऱ्यात अंग फुगवून बसली. तोंड उघडं, श्वास असा की सगळं अंग त्याबरोबर हलत होतं. वीज गेली होती, कूलर बंद होता. आबा पुठ्ठ्याने वारा घालत होते. मला बघताच गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले, "त्यामा काय शे! गरमी शे!" तो आवाज मी ओळखला आणि तिला न्यायला टोपली शोधू लागलो.

जवळच्या गुरांच्या डॉक्टरांनी तिला हातात घेतलं आणि सरळ सांगितलं, "आबा, एवढ्या लहान जनावरातलं मला कळत नाही. धुळ्याला एक बाई फक्त हेच बघतात. आत्ताच्या आत्ता न्या."

बाहेर आल्यावर आबा भडकले. "डॉक्टर व्हयीसन सांगस, माले कळत नही! लाज नही वाटत?" तरी माझ्या गाडीत बसले.

गाडीला एसी नाही. खिडक्या उघडल्या की भट्टीचं दार उघडल्यासारखं व्हायचं, बंद केल्या की जीव गुदमरायचा. टोपली आबांच्या मांडीवर, तिच्यावर ओलं गोणपाट. ते दर थोड्या वेळाने बाटलीतलं पाणी शिंपडत आणि कान लावून श्वास ऐकत. एरंडोल मागे पडलं. पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी खिशातून पुडी काढली. ढेप बरोबर आणली होती. चिमूटभर ओली करून तिच्या तोंडाला लावू लागले. "खाय माय, खाय." तिने तोंड फिरवलं.

"राहू द्या ना आबा," मी म्हणालो.

"ताकद नही तिन्हामा. खाई नही तं उठी कशी?" त्यांनी पुन्हा बोट पुढे केलं. या खेपेला तिने थोडं चाटलं. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू अर्धं दुखणं बरं झालं.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला कमी होत्या. त्यांनी मादीच्या तोंडाशी प्राणवायूची नळी धरली, हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं आणि विचारलं, "खायला काय देता?"

दिवसभरात पहिल्यांदा आबांचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्यांच्या हक्काचा होता. "ढेप! सरकीनी, घरनी. रोज भिजाडीसन देस. आते दोन जीवनी म्हनीसन जास्त."

बाईंचा हात थांबला. "कधीपासून?"

"आनी तवयपासून." म्हणजे आणली त्या दिवसापासून.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की सरकीत एक विष असतं. गाई-म्हशी रवंथ करतात, त्यांच्या पोटात ते जिरून जातं. या जिवाला ते जिरत नाही. साठत साठत हृदयावर जातं. त्यात हिरवा चारा नाही, म्हणून हिरड्यांतून रक्त येतंय. माणसासारखंच यांनाही पेरू-आवळ्यातलं जीवनसत्त्व बाहेरूनच मिळावं लागतं. बोलता बोलता त्यांचं इंजेक्शन देणं चालू होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. आबा टेबलाच्या कडेला धरून तिच्या बरगड्यांकडे बघत होते. त्या वर-खाली होत होत्या, मग उशिरा होऊ लागल्या, मग एकदा वर झाल्या आणि खाली आल्या त्या आल्याच.

"गेली," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पोटावरचा हात काढत म्हणाल्या, "पिल्लंही वाचली नाहीत."

आबांनी खिशातली पुडी बाहेर काढली आणि तिच्याकडे बघत राहिले. "बाई," ते म्हणाले, "मी बठ्ठासले हाईच दिन्ही."

बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं, गिनिपिग नेलेल्या सगळ्यांनाच आबांनी हीच ढेप दिली होती. "मग आजच सांगा सगळ्यांना. ढेप आज बंद झाली तर अजून खातीपिती असलेली कदाचित वाचतील. हिरवा घास, पेरू, भरपूर पाणी. फोन करा लगेच."

फोन कोणाला करणार? एकाचंही नाव ठाऊक नाही, एकाचाही नंबर नाही. आबांच्या डोक्यात होती ती फक्त जनावरं. गाडीत बसल्यावर ते डोळे मिटून मोजू लागले. "काळा कानवाली पोर. भुऱ्यावाला. जोडीवाला मास्तर. लांब केसवाली बाई..." प्रत्येक घराची काहीतरी खूण त्यांना आठवत होती. काळ्या कानाचं पिल्लू नेणारी मुलगी एरंडोलची होती. बापाची पिठाची गिरणी आहे असं ती बोलली होती. "आधी तठे," आबा म्हणाले.

मला त्या म्हाताऱ्या माणसाची दया आली. मी म्हणालो, "आबा, एवढं सगळं कशाला सांगता? ऊन फार आहे, उन्हात ढेप चालत नाही, असं सांगा. काम होईल आणि तुमची अब्रूही राहील."

त्यांनी वळून बघितलं. "आनी पावसायामा परत चालू करतीन, मंग?"

मी गाडी एरंडोलच्या दिशेने सोडली.

दिवस कलताना एरंडोलात गिरणी सापडली. आबांना बघून ती मुलगी, पूर्वा, आतून धावत आली. छातीशी काळ्या कानाचा गिनिपिग. त्याचे मागचे पाय लुळे लोंबत होते. "आबा!" ती म्हणाली, "मी एकपण दिवस खाडा नाही केला. परीक्षेतपण नाही!"

आबा गिरणीच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्यांचा इतका हलका आवाज मी कधीच ऐकला नव्हता. "बेटा, ती ढेप देऊ नको. ती याले इख शे. तू नही चुकनी. मी चुकनू."

गिरणीचा पट्टा थांबला. पिठाने पांढरा झालेला बाप बाहेर आला. "म्हंजे मन्ही पोरना हातवरी इख दिन्हं तुम्हीन?"

"हा. पन माले माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तं इकाले कशाले बसनात?"

दळण घ्यायला आलेल्या बायका ऐकत उभ्या होत्या. आबांनी मान खाली घातली. या खेपेला त्यांनी उत्तर बनवलं नाही. मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात पूर्वाने विचारलं, "मग आता याला काय देऊ?"

आबांचे ओठ हलले. "त्यामा काय..." मला स्पष्ट ऐकू आलं. मग त्यांनी ते वाक्य अर्धंच सोडलं. "माले माहीत नही, बेटा. डॉक्टरबाईनी हिरवा घास, पेरू आनी पानी सांगेल शे, तेवढं दे. बाकीनं इचारीसन सांगस." नंतर बापाकडे बघून म्हणाले, "तुम्हना नंबर द्या. आनी नाव सांगा."

माणसाचं नाव विचारताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

बाकीची घरं आम्ही त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी जळगावात शोधली. लांब केसवाल्या बाईंचा गिनिपिग आधीच गेला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. जोडीवाले मास्तर हसून म्हणाले, "एवढं काय आबा, उंदीरच तर आहेत." तिथे मात्र आबांचा जुना आवाज परतला. "तुम्हले उंदीर व्हतात तं नेयात कशाले?" त्यांनी इतक्या जोरात विचारलं की मास्तर दोन पावलं मागे सरले.

नंतर त्यांनी ती गळकी पेटी भंगारात दिली आणि गिनिपिग पुन्हा कधी आणले नाहीत. "ज्यानं माले कळत नही, ते मी ठेवावं नही," एवढंच म्हणाले. खरी गंमत पुढे आहे. 'माहीत नाही' म्हणायची त्यांना चटकच लागली, आणि तेही जुन्याच थाटात. भिंतीपलीकडून गर्जना यायची, "माले माहीत नही! इचारीसन सांगस!" काही गिऱ्हाइकं चटकन उत्तर मिळेल अशा दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. आबा खुशाल जाऊ द्यायचे, आणि ज्याला विचारून सांगायचा शब्द दिला त्याच्यासाठी धुळ्याला फोन लावून बसायचे. बाईही कंटाळत नसत. पूर्वाचा काळा कान वाचला. पायांत जोर यायला दिवाळी उजाडली. ती दर आठवड्याला फोन करून नवं काहीतरी विचारायची आणि आबा तिला दर वेळी तेच सांगायचे.

गेल्या थंडीत आबा गेले. सकाळी दुकानाला निघाले होते, चप्पल घालता घालता दारातच बसले आणि उठले नाहीत. दहाव्याला पूर्वा बापाबरोबर आली होती. बाप माझ्याशेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी जास्तच बोललो." मी म्हणालो, "तुम्ही बरोबरच बोललात." दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

दुकान आता त्यांचा मुलगा संजय बघतो. चेहरा आईचा, आवाज तंतोतंत आबांचा. परवा मी तिथे सहज उभा असताना पूर्वाचा फोन आला. काळ्या कानाने कालपासून काही खाल्लं नव्हतं. संजयने ऐकलं आणि त्याच मोठ्या आवाजात सुरुवात केली, "त्यामा काय शे, बेटा! त्याले तू..."

तो थांबला. फोनवर ती पोर वाट बघत होती.

"थांब, बेटा," संजय म्हणाला. आवाज हलका झाला होता. "माले माहीत नही. इचारीसन सांगस."

त्याने फोन ठेवला आणि धुळ्याचा नंबर लावला. मला काही तिथे उभं राहवेना. मी माझ्या दुकानात येऊन यंत्र चालू केलं आणि काढायचं काहीच नसताना कोरे कागद काढत बसलो.